बर्ल टिडवेल ‘येतो’ म्हणाला

टॅलो क्रीकात शाळेची पिवळी बस ज्यानं उभी हयात चालवली, तो बर्ल टिडवेल. आज ज्यांची नातवंडं शाळेत जातात, त्यांनाही शाळेत त्यानंच पोचवलेलं. अजूनही गावातला एखादा टक्कल पडलेला बाप्या प्रार्थनेला उशिरा आला, की आधी बर्लकडे चोरून बघतो आणि मग पाळकाकडे.

बर्ल तसा मुका नव्हे. पाऊस, मका, कुणाची गाय कुठं अडली, यावर तो दुपारभर बोलेल. पण आपल्याला काही हवंय हे सांगायची पाळी आली, की जीभ टाळूला चिकटलीच. बायको गेली तेव्हा सगळं गाव विचारून गेलं, ‘‘बर्ल, काही लागतंय का?’’ हा म्हणे, ‘‘नको, सगळं आहे.’’ घरात मीठसुद्धा नव्हतं. शेजारच्या मिस आयमोजीननी न विचारता डबे उघडून पाहिले, म्हणून कळलं.

या मिस आयमोजीन म्हणजे कुंपणापलीकडच्या. आमच्याकडं लग्न झालेल्या बाईलाही आदरानं मिसच म्हणतात. नवरा जाऊनही वर्षं झालेली, हात सढळ आणि जीभ त्याहून सढळ. बर्लच्या अंगणात कोंबडी शिंकली तरी त्यांना कळायचं.

बर्लला जगात जवळचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण नेल्डा. आई गेली तेव्हा हा शेंबडा पोर आणि ती पोरसवदा मुलगी. चुलीपुढं उभं राहायला तिला पाटाखाली विटा ठेवाव्या लागत, पण त्या पाटावर उभं राहूनच तिनं भावाला वाढवलं. पुढं तिनं वॉल्टर नावाच्या उत्तरेकडच्या माणसाशी लग्न केलं आणि गेली ती थेट मिनेसोटात, जिथं म्हणे तळ्याचा बर्फ होतो आणि माणसं त्यावर गाड्या नेतात. टॅलो क्रीकात या गोष्टीवर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही.

म्हातारपणी दोघांनी एक घरगाडी घेतली. लांबीला शाळेच्या बसएवढी, उंचीला तिच्यापेक्षा हातभर जास्त. आत पलंग, शेगडी, न्हाणी, कपबशा, सगळा संसार. हिवाळा फ्लोरिडात काढायचा आणि मे महिना लागला की उत्तरेला परतायचं. वाट आमच्या अलाबामातूनच. पण गावात कधी आले नाहीत. हमरस्त्यावर ट्रकवाल्यांचा एक मोठा थांबा आहे, तिथून फोन यायचा, ‘‘बर्ल, आम्ही इथं आहोत.’’ मग बर्ल धुतलेला शर्ट घालून आपली पिकअप काढायचा. तिघं तासभर कॉफी प्यायची, आणि वॉल्टर दर वर्षी तेच सांगायचा, ‘‘तुमच्या गावात शिरायची इच्छा फार आहे रे, पण रेल्वेच्या त्या पुलाखाली आमची गाडी बुचासारखी अडकेल.’’ बर्ल मान हलवायचा. खरंच अडकली असती.

गेल्या हिवाळ्यात नेल्डाचा फोन आला. ‘‘बर्ल, यांची नजर अधू व्हायला लागलीय. ही शेवटची फेरी. पोचलो की गाडी विकणार.’’ नेल्डा विमानात बसत नाही. म्हणते, पाय जमिनीवरून सुटले की मला देव आठवतो, त्याला कशाला उगाच त्रास. म्हणजे गाडी विकली की संपलं.

फोन ठेवून बर्ल उठला. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मे महिन्यातला डेकोरेशनचा रविवार आणि त्यांची परतीची वाट, दोन्ही एकाच सुमाराला येत होतं.

डेकोरेशनच्या रविवारी आमच्याकडं कुणी घरी राहत नाही. ज्याची माणसं दफनभूमीत आहेत तो जिथं असेल तिथून येतो, गवत काढतो, माती सारखी करतो, फुलं ठेवतो. मग ओकच्या झाडांखालच्या लांबलचक सिमेंटच्या टेबलावर घराघरांतली पातेली येतात, आणि जिवंत माणसं मेलेल्यांच्या शेजारी बसून दुपारपर्यंत जेवतात. बर्ल दर वर्षी आईच्या थडग्याशी एकटा उभा असायचा. येणारा-जाणारा विचारायचा, ‘‘नेल्डा नाही आली?’’ हा म्हणायचा, ‘‘लांब आहे ती.’’ एवढंच. आता त्याला एकच हवं होतं, एकदा तरी ताई तिथं शेजारी उभी राहावी. आणि हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही, तिला तर नाहीच. त्यानं जागा करायला घेतली.

घराच्या बाजूला त्याचं रिकामं आवार होतं. तिथं त्यानं लाल माती उकरून खडी टाकली. वीज मंडळाच्या माणसाला बोलावून खांबावर घरगाडीला लागतं तसलं जाडजूड सॉकेट बसवून घेतलं. पाण्याचा नळ ओढला. मैल्याच्या टाकीपर्यंत पाइप नेला. मिस आयमोजीन कुंपणावर हात टेकून सगळं बघत होत्या.

‘‘बर्ल, हत्ती पाळतोयस का?’’

‘‘ताई येणार आहे.’’

‘‘एवढी फुगली का ती?’’

गाडी वळेल का, हा खरा प्रश्न होता. बर्लनं विचार केला, घरगाडी बसएवढी, तर बसच आणून बघावी. आता बस चालवणारी लव्हॉन त्याचीच चेली. शनिवारी ती बस घेऊन आली. बर्लनं हात करून करून तिला आत घेतलं, झोकात घेतलं, आणि बसच्या ढुंगणानं रस्त्याकडेची टपालपेटी खांबासकट आडवी केली.

‘‘इतकी वर्षं हजार पोरं वाहिलीस, एकाला खरचटू दिलं नाहीस,’’ मिस आयमोजीन म्हणाल्या. ‘‘शेवटी पत्राच्या डब्याचा जीव घेतलास.’’

बर्लनं टपालपेटी पलीकडच्या बाजूला रोवली.

मग उंची. बसपेक्षा हातभर जास्त, म्हणजे झाडाच्या फांद्या आल्या, फोनच्या तारा आल्या. त्यानं मासे धरायची लांब वेताची काठी पिकअपच्या हौद्यात उभी बांधली, टोकाला लाल चिंधी लावली, आणि रेल्वेचा पूल चुकवून कापसाच्या जुन्या जिनिंगच्या रस्त्यानं गावाला वळसा घालत घरापर्यंत यायला निघाला. चिंधी जिथं अडेल तिथं उतरायचं, बघायचं. लोहाराच्या दुकानापुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी मयत चालल्यासारख्या टोप्या काढल्या.

‘‘बर्ल, मासे हल्ली झाडावर लागतात का?’’

‘‘अजून एकही लागला नाही,’’ बर्ल म्हणाला आणि पुढं गेला.

दोन फांद्या कापाव्या लागल्या, फोनची एक तार वर उचलून घ्यावी लागली. काम झालं तेव्हा त्यानं फोन लावला. तो नेमका वॉल्टरनं उचलला. वॉल्टर हा हिशोबी प्रवासी. कुठल्या रात्री कुठं मुक्काम, हे तो महिना महिना आधी ठरवून जागा राखून ठेवायचा. त्यानं विचारलं, वीज कसली, पाण्याचा दाब किती, मैल्याची सोय आहे का, वळायला जागा किती, वर काय लोंबतंय. बर्लनं सगळ्याची उत्तरं दिली. वॉल्टर खूश झाला.

‘‘हे तर पैसे देऊन मिळत नाही असं झकास आहे. मग ठरलं. शुक्रवारी एक रात्र. शनिवारी सकाळी निघू, टेनेसीत पुढची जागा धरलेली आहे.’’

शनिवारी सकाळी. आणि डेकोरेशन रविवारी. बर्लच्या घशात शब्द आला, की दाजी, दोन रात्री करा. तो शब्द तिथंच अडकला आणि बर्ल म्हणाला, ‘‘बरं.’’

शुक्रवारी दुपारी घरगाडी आली. जिनिंगच्या रस्त्यानं, फांद्यांखालून, टपालपेटी आधी होती तिथून अलगद वळून खडीवर उभी राहिली. कुठं एक पान हललं नाही. नेल्डा पायरीवरून उतरली, पांढरे केस, पाठीला किंचित बाक, आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, ‘‘बर्ल, तू जेवतोस की नाही?’’ बर्लचा जीव भांड्यात पडला. ताई तीच होती.

मिस आयमोजीननी कणकेचे गोळे घातलेलं कोंबडीचं डंपलिंग केलं होतं, मक्याची भाकरी, हिरवी पालेभाजी, वर नारळाचा केक. रात्री चौघं ओसरीवर बसली. मेलेल्या माणसांच्या गोष्टी निघाल्या, जिवंतांच्या उखाळ्यापाखाळ्या निघाल्या. वॉल्टर गोड चहाचा तिसरा पेला पीत म्हणाला, ‘‘यात चहा किती आणि साखर किती?’’ मिस आयमोजीन म्हणाल्या, ‘‘चहा लागतो तो रंगापुरता.’’ रविवारचा विषय मात्र कुणी काढला नाही. एकदा मिस आयमोजीन म्हणाल्या, ‘‘परवा दफनभूमीत बरीच गर्दी होईल.’’ नेल्डानं भावाकडे पाहिलं. भाऊ चपलेच्या टाचेनं एक किडा बाजूला सारत होता. ती म्हणाली, ‘‘होणारच.’’ 

आता एक सांगायला हवं. टॅलो क्रीकात निघालेल्या पाहुण्याला ‘थांबा’ म्हणायचं असतं. घरात उपवास असो, कुणी तापानं फणफणलेलं असो, पाहुणा उठला की म्हणायचं, ‘‘थांबा की, एवढी काय घाई?’’ आणि पाहुण्यानं म्हणायचं, ‘‘नको, निघतोच. तुम्हीच चला आमच्याबरोबर.’’ हे दारात एकदा, पायरीवर एकदा आणि गाडीच्या खिडकीशी एकदा, असं तीनदा होतं. न म्हणणारा उर्मट. पण त्यावर जो खरोखर थांबतो किंवा खरोखर निघतो, असा माणूस गावाच्या इतिहासात नाही. शब्द तोंडातून निघतात, ऐकणाऱ्याच्या कानावरून जातात, आणि सगळे सुखानं आपापल्या घरी राहतात. अडचण एवढीच, की एखाद्याला मनापासून ‘थांब’ म्हणायचं असेल, तर त्याला दुसरा शब्द उरत नाही.

शनिवारी सकाळी पावासारखी गरम बिस्किटं आणि सॉसेजची ग्रेव्ही झाली. वॉल्टरनं नळी गुंडाळली, वीज काढली. नेल्डा हात पुसत दारात आली.

‘‘थांबा की,’’ बर्ल म्हणाला. ‘‘एवढी काय घाई आहे?’’

‘‘नको रे, निघतोच,’’ नेल्डा म्हणाली. ‘‘तूच चल आमच्याबरोबर.’’

‘‘हे सगळं सोडून कसा येऊ?’’

पायरीवर आल्यावर बर्लनं पुन्हा म्हटलं, ‘‘थांब ना ताई.’’ त्याचा आवाज जरा घोगरा निघाला, पण सकाळच्या वेळी म्हाताऱ्याचा आवाज घोगराच असतो.

‘‘तूच चल,’’ ती म्हणाली. तिनं त्याच्या कॉलरवरचा पिठाचा डाग झटकला आणि गाडीत चढली. इंजिन सुरू झालं. खिडकी खाली आली. कुंपणापलीकडं मिस आयमोजीन झेंडूंना पाणी घालत उभ्या होत्या.

‘‘थांबला असतात तर बरं झालं असतं,’’ बर्ल म्हणाला. हे तिसरं.

‘‘तुलाच घेऊन जायला हवं,’’ नेल्डा हसून म्हणाली. ‘‘चल, येतोस?’’

बर्ल टिडवेलनं डोक्यावरची टोपी नीट केली. ‘‘बरं,’’ तो म्हणाला, ‘‘येतो.’’

तो घरात गेला, शेगडी बंद आहे का पाहिलं, दार ओढून घेतलं आणि गाडीच्या दाराशी येऊन तिची घडीची पायरी खाली यायची वाट बघत उभा राहिला. मिस आयमोजीनच्या नळीचं पाणी त्यांच्याच बुटांवर पडत होतं.

‘‘मिस आयमोजीन, कोंबड्यांना दाणे टाका.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘ते यांना विचारा.’’

वॉल्टरनं बायकोकडे पाहिलं. नेल्डा समोरच्या काचेतून रस्ता बघत होती. तिला तरी काय करता येणार होतं? एकदा तोंडानं चल म्हटल्यावर ‘अरे तसं नव्हे’ म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही, कारण आजवर तशी वेळच आली नव्हती. वॉल्टरनं दार उघडलं. बर्ल चढला, जेवायच्या टेबलाशी बसला, पट्टा लावला. गाडी निघाली.

जिनिंग मागं पडलं. कपाटात कपबशा किणकिणत होत्या. 

‘‘याला कुठपर्यंत न्यायचं?’’ वॉल्टरनं हळूच विचारलं.

‘‘मला काय विचारता? मी बोलावलंय त्याला, आता कुठल्या तोंडानं विचारू?’’ नेल्डा म्हणाली.

हमरस्ता लागला. वॉल्टरनं घसा साफ केला. ‘‘बर्ल, तुझ्या गोळ्या घेतल्यास का रे?’’

‘‘नाही.’’

‘‘दात घासायचा ब्रश?’’

‘‘नाही.’’

‘‘आम्ही टेनेसीला चाललोय.’’

‘‘चांगला मुलूख आहे म्हणतात, दाजी.’’

 आणखी एक गाव गेलं, एक पेट्रोल पंप गेला. मग नेल्डानं पट्टा सोडला, सीटच्या पाठी धरत धरत मागं आली आणि भावासमोर बसली. लहानपणी त्यानं चोरून पीच खाल्ले की ती बसायची तशी, कोपरं टेबलावर रोवून.

‘‘कशाला आलास, बर्ल?’’

‘‘तू बोलावलंस.’’

‘‘ते सगळेच बोलावतात.’’

‘‘मीही थांब म्हणालो.’’

‘‘ते सगळेच म्हणतात.’’

बर्लनं टेबलावर बोटानं एक रेघ ओढली, मग दुसरी. खिडकीबाहेर पाइनची झाडं मागं पळत होती, आणि प्रत्येक झाडागणिक रविवार लांब जात होता. शेवटी जीभ सुटली. वाकडीतिकडी का होईना, सुटली.

‘‘ताई, उद्या डेकोरेशन आहे. मी एकटाच उभा असतो गं तिथं. एकदा तू हवी होतीस. म्हणून ती खडी टाकली. म्हणून सगळं. दुसरं काही नव्हतं.’’

नेल्डा जागेवरून उठली. तिनं पलंगावरचं कपाट उघडलं आणि एक पुठ्ठ्याचं खोकं काढून त्याच्यापुढं ठेवलं. आत फुलं होती, सुरकुत्यांच्या रंगीत कागदाची, मेणात बुडवून काढलेली, गुलाब आणि लिली, एकेक पाकळी दुमडलेली. दुकानात प्लॅस्टिकची मिळायला लागल्यापासून असली फुलं कुणी करत नाही. आई करायची.

‘‘हिवाळाभर केली,’’ नेल्डा म्हणाली. ‘‘बोटं आखडायची म्हणून थोडीच झाली.’’

‘‘मग काल काढली का नाहीस?’’

‘‘काढून काय करू? तुझ्या हातात देऊन पुढं जाऊ? आईला काय दुसऱ्याच्या हातून फुलं पाठवायची?’’ तिनं खोक्याचं झाकण उगाच नीट केलं. ‘‘मला वाटलं, तू म्हणशील. काल आयमोजीननं विषय काढला तेव्हा वाटलं, आता म्हणशील. तू किडा बाजूला करत बसलास. म्हटलं, याला एकट्याची सवय झाली असेल. आता आपण मध्ये कशाला?’’

‘‘मी तीनदा थांब म्हणालो की.’’

‘‘अरे पण तसंच म्हणालास, जसं विमा विकणाऱ्याला म्हणतात.’’

बर्लला हसू आलं. नेल्डालाही आलं, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. त्यानं एक लिली उचलून उजेडात धरली. पुन्हा खोक्यात ठेवताना त्याची जाड बोटं इतकी जपून हलत होती, की जणू अंडं ठेवतोय.

पुढून वॉल्टरचा आवाज आला. ‘‘मला कुणीतरी सरळ सांगेल का? इतकी वर्षं तुम्हा लोकांत काढली, मला अजून कळत नाही तुम्ही कधी काय म्हणता. थांबायचं की जायचं?’’

‘‘थांबायचं,’’ नेल्डा म्हणाली.

‘‘आणि टेनेसीची जागा?’’

‘‘टेनेसी कुठं जात नाही, दाजी,’’ बर्ल म्हणाला.

वॉल्टर पुटपुटत आपल्या ठरवलेल्या मुक्कामांच्या नावानं काहीतरी म्हणाला, पण वेग त्यानं आधीच कमी केला होता. एवढी लांब गाडी फिरवायची तर मोठी जागा हवी. डाव्या हाताला एक बाप्टिस्ट ख्रिस्त्यांचं देऊळ लागलं, पुढं खडीचं भलंमोठं मोकळं आवार. शनिवारी सकाळी तिथं चिटपाखरू नव्हतं, दाराशी एक झाडू टेकून ठेवलेला, बस. वॉल्टरनं गाडी आत घातली. पण निम्मी वळल्यावर मागं देवळाचा फलक आला आणि पुढं गटार.

‘‘मागं घ्यावी लागेल,’’ तो म्हणाला. ‘‘मला मागचं नीट दिसत नाही. कुणीतरी उतरा.’’

बर्ल उतरला. लगोलग नेल्डाही उतरली. तो डाव्या बाजूला उभा राहिला, ती उजव्या. बसच्या सवयीनं बर्लनं तळहात दाखवून सांगितलं, ये, ये. नेल्डानं पलीकडून दोन्ही हात वर करून सांगितलं, थांब, थांब. गाडी वीतभर मागं आली आणि उभी राहिली.

‘‘ये म्हणतोय मी, बरीच जागा आहे,’’ बर्ल ओरडला.

‘‘तुझ्या बाजूला असेल. माझ्या बाजूला फलक आहे. थांबा हो.’’

‘‘ताई, फलकाला अजून हातभर आहे.’’

‘‘तुझा हात मला माहीत आहे. टपालपेटी कुणी पाडली, आयमोजीननं सांगितलंय.’’

खिडकीतून वॉल्टरचं डोकं बाहेर आलं. ‘‘दोघांपैकी एकानं बोला.’’

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मग बर्ल गाडीला वळसा घालून बहिणीच्या बाजूला आला, तिच्या शेजारी उभा राहिला, आणि तिनं हात हलवला तसा त्यानंही हलवला. ये. ये. अजून ये. देवळाच्या खडीवर चाकं करकरत मागं आली, गाडीचं तोंड हळूहळू टॅलो क्रीककडं वळलं.